शेवटच्या तासाचं उसनं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, बबनरावांना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या सुधाकरला तर नाहीच. आमच्या मशीनशॉपमध्ये ‘उसनं’ नावाचा एक रिवाज होता. तो वरच्या ऑफिसात कुणी फोडला यावर खाली पुष्कळ खल झाला आणि शेवटी सगळ्यांनी ठरवून टाकलं, की सुधाकरनेच. सुधाकर नव्हता. मी होतो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं ते निराळंच. “मशीनवरचा कामगार अर्थतज्ज्ञ कसा झाला ते लिहा, पोरांना प्रेरणा मिळेल,” असं ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि लिहायला बसल्यावर पहिल्याच पानावर अडलो. मी कसा झालो हे सांगायचं तर उसन्यापासून सुरुवात करावी लागते, आणि उसनं म्हटलं की सुधाकर आलाच. तेव्हा प्रेरणेचं ज्याचं त्याने बघावं. मी जे झालं ते लिहितो.

आधी तो ‘अर्थतज्ज्ञ’ शब्द बाजूला ठेवू. तो टीव्हीवर बोलणाऱ्या माणसांना शोभतो. कारखान्यात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचं काम फार साधं असतं. पुढच्या तिमाहीत मोटरसायकली किती खपतील, म्हणजे आपल्याला चाकाचे हब किती करावे लागतील, त्याला माणसं किती लागतील, पोलाद महागलं तर कुठे वाचवायचं, आणि बाहेरून माल करून देणारा जो भाव सांगतोय तो खरा की हवेतला, एवढंच शोधायचं. बाकी मग तक्ते, मीटिंगा आणि चहा.

मी मूळचा लातूरकडचा. बारावी आर्ट्स करून चिंचवडला मामाकडे आलो, काही वर्षं कॉन्ट्रॅक्टवर घासली आणि मग चाकणच्या एका कंपनीत पर्मनंट झालो. दुचाकीच्या चाकाच्या मधोमध जो गोल हब असतो, तो आम्ही लेथवर कातायचो. लग्न झालं, मुलगी झाली, रहाटणीत भाड्याची खोली झाली. आयुष्य लागलं होतं मार्गाला. अशात एक दिवस नोटीस बोर्डावर कागद लागला. कंपनीने पिंपरीतल्या एका कॉलेजशी करार केला होता. आठवड्यातले दोन दिवस कॉलेज, चार दिवस कंपनी, पगार चालू, आणि तीन वर्षांनी पदवी हातात. पहिलं वर्ष आपल्याच मशीनवर, पुढची दोन वर्षं वरच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून. आज याला पदवी-अप्रेंटिसशिप असं भारदस्त नाव आहे. आम्ही तिला ‘शिकाऊवाली डिग्री’ म्हणायचो.

बहुतेकांनी इंजिनिअरिंगकडच्या कोर्सला नावं दिली. मला सायन्स नव्हतं, म्हणून उरलेला कोर्स घेतला, तो अर्थशास्त्राचा. मुलाखतीत मात्र असं सांगितलं नाही. “पेट्रोल महागलं की आमच्या हबची ऑर्डर का आटते ते समजून घ्यायचंय,” असं ठोकून दिलं. साठे साहेब, म्हणजे आमचे प्लांटचे मुख्य, त्यावर हसले आणि म्हणाले, “समजलं की मलाही सांगा.” झालं. निवड झाली.

मेख नंतर कळली. कॉलेजच्या दिवसांचा पगार कापणार नव्हते, पण मशीनवरचं महिन्याचं टार्गेट तेवढंच राहणार होतं. सुपरवायझरने स्पष्ट सांगितलं, “शिका राव, बिनधास्त शिका. पण महिन्याचा आकडा खाली आला तर कोर्समधनं नाव कट. वरून ऑर्डर आहे.” चार दिवसांत सहा दिवसांचे हब कुठून काढायचे?

इथे उसनं म्हणजे काय ते सांगायला हवं.

लेथवर मुरलेला हात शिफ्टचं टार्गेट शेवटचा तास सुरू व्हायच्या आधीच पुरं करतो. पुढे तो काम करत नाही असं नाही. करतो, पण ते जास्तीचे हब क्रेटमध्ये टाकत नाही. टेबलाखाली गोणपाटाखाली सरकवतो. क्रेटमध्ये टाकले तर साहेब लोक म्हणणार, एवढे होतात तर मग टार्गेटच वाढवा, हे कुठल्याही कामगाराला पहिल्या महिन्यात कळतं. पण ती लपवाछपवी एवढ्यापुरती नव्हती. कुणाचं टूल मोडलं, कुणाला ताप भरला, कुणाची बायको दवाखान्यात असली आणि त्याचं चित्त मशीनवर नसलं, की त्या दिवशी त्याची क्रेट गोणपाटाखालच्या मालाने भरायची. त्याने सावरल्यावर परत करायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. म्हणून त्याचं नाव उसनं. लिहून कुणी ठेवत नसे. बबनराव सांगतील त्याला मिळायचं.

बबनराव आमच्या ओळीतले सगळ्यात जुने. निघोज्याकडचे, जुन्या शेतकरी घरातले. कंपनीच्या जमिनीत त्यांच्या भावकीचीही जमीन गेलेली, त्यामुळे शॉपमध्ये असे वावरायचे जणू आम्ही सगळे त्यांच्या वावरात मशीन टाकून बसलोय. आणि सुधाकर होता क्वालिटीला. चिपळूणकडचा, सडपातळ, तोंडाने फटकळ. प्रत्येक हब गेजने, म्हणजे मापाच्या साच्याने, तपासायचा आणि पास झाला की त्यावर हिरव्या रंगाचा ठिपका लावायचा. त्या ठिपक्याशिवाय क्रेट हलत नसे. म्हणजे उसन्याच्या मालावरही ठिपका सुधाकरचाच. पकडलो असतो तर आम्हाला वॉर्निंग मिळाली असती. त्याची नोकरी गेली असती. हे त्याला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे.

माझी अडचण बबनरावांना मी सांगितली नव्हती. त्यांनीच विषय काढला.

“मास्तर, कालिजाच्या दिवसाचं काय करणार?” पुस्तक हातात दिसल्यापासून शॉपमध्ये माझं नाव मास्तर पडलं होतं.

“बघतो भाऊ. ओव्हरटाइम मारीन.”

“आन् आब्यास कवा करणार? झोपंत? तू जा कालिजात. तुजी क्रेट आमी भरतो.”

“पण हे एकदा-दोनदाचं नाही हो. दर आठवड्याचं...”

“आरं, उसनं हाय, दान न्हाई. करशील की परत कवातरी.”

“कधी करणार हा परत?” सुधाकर ठिपके लावता लावता मान वर न करता म्हणाला. “डिग्री झाली की हा वर जाणार. एसीत बसणार. आपण हाव इथेच. त्यापेक्षा पेढ्यांचं आत्ताच कबूल करून घ्या बबनराव.”

सगळे हसले. मीही हसलो.

ते वर्ष मी उसन्यावर काढलं. यात अतिशयोक्ती नाही. पाच-सहा माणसं आपापल्या जास्तीच्या मालातून माझी क्रेट भरत होती. शिवाय शेवटच्या तासाला मला टूल-ग्राइंडरच्या मागे पालथ्या क्रेटवर बसवायचे, अभ्यासाला. सुपरवायझर येताना दिसला की बबनराव पाना टेबलावर आपटायचे. मी पुस्तक शर्टात खुपसून उभा. सुधाकर अधूनमधून येऊन माझी परीक्षा घ्यायचा.

“काय चाललंय आज?”

“मागणीची लवचीकता. भाव वाढला की मागणी किती कमी होते ते.”

“मासळीची होते का रे कमी? माझी तरी नाय होत.”

“तुझी ती अलवचीक मागणी.”

“अलवचीक! ऐकलंत बबनराव? माझ्या बायकोला आता हेच सांगतो. पापलेट महाग झालं तरी इलाज नाय गो, मी अलवचीक हाय.”

कॉलेजमध्ये निराळी गंमत. वर्गात सगळी बारावी होऊन आलेली पोरं. पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरलो तर अख्खा वर्ग उठून उभा राहिला आणि एकाने पहिल्या बाकावरून विचारलं, “सर, आज अटेंडन्स घेणार?” मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मग हशा. पुढे त्यांनी मला काका केलं, आणि त्यांच्याच टिपणांवर मी इंग्रजीचे पेपर काढले. आम्हाला शिकवायला पवार मॅडम होत्या. सगळ्या वर्गाला अरे-तुरे आणि मला ‘तुम्ही’. फळ्यावर आलेख काढला की त्या माझ्याकडे वळायच्या, “तुमच्याकडे कंपनीत हे असंच होतं का हो?” मी कधी हो म्हणायचो, कधी नाही. नाही म्हटलं की त्यांना जास्त आनंद व्हायचा. माझ्या बोलण्याला कुणी अशी किंमत देतंय, हे मला नवीन होतं. त्याची चटक लागली. पुढे जे झालं त्याचं मूळ मला या चटकेत दिसतं. मॅडमचा त्यात काही दोष नाही.

दुसऱ्या वर्षी मी वर गेलो. वर म्हणजे खरोखरच वर, शॉपच्या डोक्यावरच्या काचेच्या ऑफिसात. तिथून खालचा सगळा पसारा दिसायचा, फक्त आवाज यायचा नाही. त्या काळातली दोन कामं मी अजून अभिमानाने सांगतो.

पहिलं काम गैरहजेरीचं. ऑर्डर भरात असताना माणसं गायब होतात आणि ओव्हरटाइमचा दर वाढवूनही येत नाहीत, याने साहेब हैराण. मी खाली राहून आलेला, मला कारण माहीत होतं. जत्रा. चैत्र लागला की चाकणच्या आसपास आज या गावची, उद्या त्या गावची जत्रा. पालखी, तमाशा, कुस्त्या, पाहुणे. ज्याच्या गावची जत्रा तो माणूस तुम्ही दुप्पट दिलेत तरी मशीनवर येत नाही. कोकणातला माणूस गणपतीला आणि शिमग्याला जातो. आमचा मराठवाड्यातला लग्नसराईत जातो आणि ठरलेल्या दिवशी कधीच परत येत नाही. मी कोण कुठल्या गावचा आणि त्या गावची जत्रा कधी, याचा तक्ता करून ऑर्डरींच्या तक्त्याशेजारी ठेवला. साठे साहेब म्हणाले, “हे अर्थशास्त्र आहे की पंचांग?” पण पुढच्या चैत्रात त्यांनी कामाची पाळी त्या तक्त्यावरून लावली आणि ऑर्डर वेळेत गेली. तो तक्ता अजून चालू आहे, फक्त आता कॉम्प्युटरवर आहे.

दुसरं काम भोसरीच्या एका शेठचं. ते आम्हाला हबच्या आत बसणारं बुशिंग करून द्यायचे आणि भाव वाढवून मागत होते. मला त्यांच्याकडे खर्च तपासायला पाठवलं. शेड छोटी, शेठ मोठे. चहा झाला, भजी झाली. मी विचारलं, “शेठ, एका बुशिंगला तुम्हाला खर्च किती येतो?” शेठ शांतपणे म्हणाले, “साहेब, आदी तुमी किती देनार ते सांगा. मग माजा खर्च किती येतो ते सांगतो.” पुढे कित्येक पुस्तकं वाचली, पण बाजारात किंमत कशी ठरते हे मला इतक्या थोडक्यात कुणी समजावलं नाही. भाव शेवटी वाढवून द्यावा लागला.

अशी दोन वर्षं गेली. खाली जायचो तेव्हा जेवणाचा डबा मात्र जुन्याच टेबलावर उघडायचो. बबनराव मला आडून विचारायचे, वर काय शिजतंय. मी सांगण्यासारखं सांगायचो. सुधाकर म्हणायचा, “काय मास्तर, एसीत सर्दी नाय ना झाली?”

त्यातल्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. मी आमच्याच शॉपचं उत्पादन घेतलं. तासागणिक किती हब होतात याचे आलेख काढले. प्रत्येक शिफ्टच्या शेवटच्या तासाला आलेख खाली यायचा. का, ते मला ठाऊक होतं. प्रोजेक्टमध्ये मी लिहिलं, माणूस थकतो म्हणून. पुस्तकात असंच असतं. पवार मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

तोंडी परीक्षा कंपनीच्या मीटिंग रूममध्येच ठेवली होती. समोर तिघं: बाहेरून आलेले एक परीक्षक, पवार मॅडम आणि साठे साहेब. माझं सांगून झालं, चांगलं झालं. परीक्षकांनी शेवटच्या आलेखावर बोट ठेवलं. “हे शेवटच्या तासाला उत्पादन पडतंय. थकवा. अगदी पुस्तकातलं उदाहरण, नाही?”

तो प्रश्न नव्हता. मला नुसतं ‘हो सर’ म्हणायचं होतं आणि चहा येणार होता. कुणी मला कोंडीत पकडलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. आजवर मी मनात स्वतःचा बचाव पुष्कळ केला आहे, पण या जागी येऊन तो संपतो. ‘पुस्तकातलं’ हा शब्द मला लागला. मी खालून आलोय, मला पुस्तकाच्या पलीकडचं माहीत आहे, हे त्या माणसाला दाखवावंसं वाटलं. बस्स.

मी म्हणालो, “नाही सर. थकवा नाही.”

साठे साहेब कागद चाळत होते. थांबले. “मग?”

आणि मी सांगितलं. टार्गेट आधीच पुरं होतं ते सांगितलं, गोणपाट सांगितलं, आजाऱ्याची क्रेट कशी भरतात ते सांगितलं. ‘उसनं’ हा शब्दसुद्धा सांगितला. ही त्यांची आपसातली विमा योजना आहे सर, असं म्हणालो. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. “वा! हे कुठल्या पुस्तकात मिळणार?” त्यांनी टेबलावर थाप मारली.  साठे साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

जिन्यात मॅडमनी मला गाठलं. “मार्क उत्तम मिळतील तुम्हाला,” त्या म्हणाल्या. मग एक पायरी उतरून थांबल्या. “त्यांना विचारलं होतंत का?”

“कुणाला मॅडम?”

“ज्यांचं ते होतं त्यांना.”

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढचं सगळं आठवड्याभरात झालं. टेबलाखालची गोणपाटं निघाली. मशीनला काउंटर बसले, हब निघाला की आकडा आपोआप पुढे. टार्गेट वाढलं. एक मात्र सांगायला हवं, कुणाला कामावरून काढलं नाही. साठे साहेब माणूस वाईट नव्हते. एवढं कळल्यावर त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण उसनं संपलं. त्यानंतर ज्याला ताप यायचा त्याची क्रेट रिकामी राहायची आणि ती सगळ्यांना दिसायची.

त्याच आठवड्यात साहेबांनी सुधाकरला वर बोलावलं. माझं टेबल त्यांच्या केबिनला लागून होतं, दार अर्धं उघडं. हिरवा ठिपका कुणाचा हा प्रश्न होता, आणि आणखी एक प्रश्न होता, यात कोण कोण आहे.

“सर, माझ्यापुढे पीस येतो,” सुधाकर म्हणाला. “तो चांगला असला तर मी ठिपका लावतो. कुणी बनवला, कधी बनवला, ते गेजवर दिसत नाय.”

“नावं सांगा, तुमचा विषय मी इथेच संपवतो.”

“नावं मला माहीत नायत सर.”

त्याला लेखी वॉर्निंग मिळाली, पगारवाढ थांबली. ती त्याने एकट्याने घेतली. बाहेर पडताना मला बघून त्याने डोळा मारला. मी समोरच्या कागदांकडे बघत राहिलो.

खाली लोकांना एवढंच दिसलं, की वर एकट्या सुधाकरला बोलावलं आणि तो नोकरी शाबूत ठेवून खाली आला. एवढं पुरलं. वॉर्निंगचं त्याने सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही. कुणीतरी माझंही नाव काढलं होतं म्हणे, वरच बसतो म्हणून. त्यावर बबनराव भडकले. त्यांचे शब्द मला दुसऱ्याने येऊन कौतुकाने सांगितले, “मास्तर? छ्या! त्यो तर आपल्या उसन्यावर बीए झाला. त्यो कसा सांगंल?”

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आम्ही नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. सुधाकर डबा घेऊन आला आणि बसला. बबनरावांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली, झाकण लावलं, उठले. त्यांच्यामागे एकेक करत सगळे उठले. मी बसून होतो. बोलायची ती वेळ होती. तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे सगळं निस्तरलं असतं, माझ्यासकट. मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते लागेना. लागलं तेव्हा मीही उठलो.

सुधाकर आणखी काही महिने टिकला. मग त्याने तळेगावकडे दुसरी नोकरी धरली, कमी पगाराची. शेवटच्या दिवशी त्याने पेढे आणले होते. फक्त मी घेतला.

पुढे माझं चांगलंच झालं. पदवी पहिल्या वर्गात मिळाली, त्याच ऑफिसात कायम झालो, नंतर एम.ए. केलं. रहाटणीत स्वतःचं घर झालं, मुलगी शिकली. या सगळ्यासाठी मी कृतज्ञ आहे, आणि हे तोंडदेखलं म्हणत नाही. आर्ट्सच्या बारावीवाल्याला वर्गात बसवणाऱ्या कंपनीचे आणि पवार मॅडमचे उपकार आहेत. काका म्हणत टिपणं देणाऱ्या पोरांचे आहेत. मुलीला थोपटत माझे धडे ऐकून घेणाऱ्या बायकोचे आहेत. पण या सगळ्याच्या खाली ते गोणपाट आहे. ज्या हातांनी मला एक एक हब देऊन शिकवलं, त्यांचीच वस्तू मी शाबासकीसाठी देऊन टाकली. आकडा खरा होता. कंपनीचा पगार घेणाऱ्या माणसाने खरं सांगावं की नाही, यावर वाद होऊ शकेल, आणि तो मी दोन्ही बाजूंनी करू शकतो, माझा धंदाच तो आहे. पण सुधाकरला एकटं टाकून सगळे उठले तेव्हा मी गप्प बसलो, त्याला दुसरी बाजू नाही.

आता कंपनीतले पदवी-अप्रेंटिस माझ्या हाताखाली असतात. हुशार पोरं आहेत. गेल्या वर्षी आमची अप्रेंटिस प्राजक्ता पॅकिंग लाइनचा आलेख घेऊन आली. “सर, ह्या बायका जेवणाआधी एवढ्या फास्ट आणि नंतर एकदम स्लो का? मला वाटतं काहीतरी आहे. लिहू का?” मी म्हटलं, “आधी खाली जा. त्यांच्याबरोबर जेव आठवडाभर. मग जे कळेल ते लिहिलं तर चालेल का, हे त्यांनाच विचार.” ती म्हणाली, “आणि त्या नाही म्हणाल्या तर?” मी म्हटलं, “तर नाही.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, या माणसाला अर्थशास्त्र कुणी शिकवलं. कुणी शिकवलं ते तिला सांगायचं धाडस झालं नाही.

मागच्या लग्नसराईत बबनरावांच्या नातीचं लग्न होतं, काळेवाडीच्या एका मंगल कार्यालयात. बबनराव आता थकलेत. उरलेल्या जमिनीवर चाळी बांधल्या, भाडं येतं, फेटा बांधून दारात खुर्चीवर बसले होते. मला बघून त्यांनी नातजावयाला हाक मारली, “ह्यो बग आमचा मास्तर. आमच्या लाइनीतनं वर गेलेला पैला मानूस.” त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तेवढ्यात पलीकडून सुधाकर आला. केस पांढरे, तसाच सडपातळ. पत्रिका जुन्या सगळ्या नंबरांवर गेली होती, त्याच्याही गेली. बबनरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाले, “जेवून जा.” पाठीवरचा हात माझ्याच पाठीवर राहिला.

पंगतीत सुधाकर टोकाला बसला. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“काय मास्तर! अजून एसीत?”

“अजून. तू?”

“रिटायरमेंटची वाट बघतोय. चालू हाय. इथे येणार नव्हतो रे मी. बायको म्हणाली, किती वर्षं झाली, जा. म्हातारा अजून धरून बसलाय बघ.” तो हसला. मठ्ठा प्यायला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “पण तुला एक सांगायचं राहिलेलं. त्या दिवशी कँटीनमध्ये सगळे उठले ना, तू शेवटी उठलास. तुला उठायचं नव्हतं. मला दिसलं ते. ते मी विसरलो नाय.”

वाढप्याने जिलेबी आणली. मी ताटाकडे बघत बसलो. डब्याचं झाकण लागत नव्हतं, सुधाकर, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. तो उठला, हात धुतले, बबनरावांना लांबूनच नमस्कार केला आणि गेला.

म्हणून हे इथे लिहितोय. पण हेही जाणून आहे, की छापून मोकळं होणं सोपं आहे. सुधाकरने हे अंकात वाचावं आणि बबनरावांना कुणीतरी वाचून दाखवावं, हेही गप्प बसण्यातच जमा होईल. अंक निघायच्या आधी मला तळेगावला जायचं आहे. सुधाकरला घेऊन निघोज्याला जायचं आहे. बबनरावांसमोर त्याच्या शेजारी उभं राहून सांगायचं आहे, की उसन्याची गोष्ट वर मी सांगितली, याने तुमच्यातल्या कुणाचंही नाव घेतलं नाही. मग ते उठून गेले तरी चालतील.

एवढं माझ्याकडे देणं आहे. अजून दिलेलं नाही.